समुद्रात स्टाफ कुठे धरायचा? बेटांचा जिऑइड आणि विमानातली गुरुत्वमोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात सर्व्हेची लहानसहान कामं घेतो आणि संध्याकाळी डिप्लोमाच्या पोरांना लेव्हलिंग शिकवतो, म्हणजे दुर्बिणीतून उभ्या मोजपट्टीवर (तिला स्टाफ म्हणतात) वाचून दोन जागांच्या उंचीतला फरक काढणं. त्याआधी काही वर्षं विमानातून घेतलेल्या गुरुत्वाच्या नोंदींवर प्रक्रिया करायचं काम केलं, त्यातल्या बऱ्याच बेटांच्या आसपासच्या होत्या. लेव्हल लावणारा माणूस विमानाच्या नोंदींपर्यंत कसा पोचला, हे वर्गात विचारतात, साइटवर विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता विचारलं. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

जिऑइड म्हणजे काय? पुस्तकातली व्याख्या नको.

पहाटे वारा पडलेला असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहा. पाणी जिथे थांबलंय तिथून त्याला कुठेही वाहत जायला कारण उरलेलं नाही. त्या पृष्ठभागावर कुठेही ओळंबा सोडा, दोरी काटकोनातच उतरेल. आता हाच विचार समुद्राला लावा. वारा, भरती-ओहोटी, प्रवाह सगळं बाजूला काढा आणि एका काल्पनिक चरातून समुद्राचं पाणी जमिनीखालून सोलापूरपर्यंत आणा. ते जिथे स्थिरावेल तो जिऑइड. कल्पना गणितज्ञ गाउसची, १८२८ ची. नाव लिस्टिंगने १८७० च्या दशकात दिलं.

हा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. हिशेबासाठी आपण पृथ्वीचं एक साधं चपटं रूप धरतो, त्याला इलिप्सॉइड म्हणतात. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड त्या इलिप्सॉइडच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूला सुमारे ८५ मीटर वर. जहाजाला या खड्ड्यात उतरल्याचं कळतही नाही. तिथलं पाणीही थांबलेलंच आहे, मग उतार म्हणायचा कशाला?

इथे दरवर्षी एक पोरगं हात वर करतं: गुरुत्व जास्त तिथे पाणी जास्त खाली ओढलं जाणार ना? नाही, उलटं होतं. समुद्राच्या तळावर दगडाचा डोंगर असेल तर तो आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो आणि त्याच्या डोक्यावर पाण्याचा फुगवटा तयार होतो. खंदक असेल तिथे वस्तुमान कमी, म्हणून पाणी बाजूला सरकतं आणि वर खळगा पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम झालं.

मोबाइलवर सोलापूरची उंची कधी कधी ३९० च्या आसपास दाखवते, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर साडेचारशेच्या पुढे. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. पाटीवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. उपग्रहांवरून मिळणारी कच्ची उंची इलिप्सॉइडपासून असते. (काही ॲप फरक वजा करूनच दाखवतात, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवर वेगळा आकडा.) सोलापुरात जिऑइड इलिप्सॉइडच्या साधारण सत्तर मीटर खाली आहे. नियम एका ओळीचा: समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे जीपीएसची उंची वजा जिऑइडची उंची. आपल्याकडे जिऑइडची उंची उणे आहे, त्यामुळे वजाबाकीची बेरीज होते.

सत्तर मीटरची चूक कोणालाही दिसते, म्हणून ती धोक्याची नाही. धोका लहान चुकीचा. सुरुवातीच्या दिवसांत एका चारीचं काम घेतलं होतं. एका टोकाचा आर.एल. (ठरलेल्या शून्यापासूनची उंची) जुन्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून आणला, दुसरं टोक जीपीएसने घेतलं, दोन्हीकडे जिऑइडचा एकच आकडा लावला आणि मोकळा झालो. पण मुंबईकडून हैदराबादकडे जाताना जिऑइड काही मीटर उतरत जातो. म्हणजे तो स्वतःच कलता आहे, दर किलोमीटरला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. ऑटो लेव्हल (लेव्हलिंगची दुर्बीण) लावून परत आलो तेव्हा टोकाला सोळा सेंटीमीटर निघाले. खोदाई सुरू व्हायची होती म्हणून वाचलो.

मग बेटांचं वेगळं काय दुखणं आहे?

लेव्हलिंगचा जीव लूप बंद करण्यात आहे. जिथून निघालो तिथे परत यायचं आणि फरक किती राहिला ते पाहायचं. मिलिमीटरमध्ये आला तर जेवायला जायचं, नाही तर पुन्हा स्टाफ उचलायचा. सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन परत येता येतं. कोचीहून लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला कसं जाणार? समुद्रात स्टाफ कुठे धरणार?

भारताच्या मुख्य भूमीचं जुनं उंचीचं जाळं १९०९ मध्ये जुळवलं गेलं, आणि ते नऊ बंदरांवरच्या भरती-मापकांना टांगलेलं होतं. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, चेन्नई, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट. लक्षद्वीप या जाळ्यात बसूच शकत नाही. तिथली बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर लांब. म्हणून प्रत्येक बेटावर आपला भरती-मापक, आपला शून्य.

तुम्ही म्हणाल, समुद्र तर एकच आहे, मग दोन्हीकडचा शून्य सारखाच असेल. तसं नसतं. वारे, प्रवाह, पाण्याचं तापमान आणि खारटपणा यामुळे समुद्राची सरासरी पातळीही जिऑइडला चिकटून राहत नाही, जगभरात कमी-अधिक मीटरभर वरखाली असते. दोन बंदरांचे शून्य जुळवायचे तर मध्ये जिऑइड हवाच. आणि जिऑइडसाठी गुरुत्व हवं, बेटावरचं तर हवंच, शिवाय बेटाच्या चहूबाजूंच्या पाण्यावरचंही.

इतके उपग्रह फिरतायत, त्यांच्याकडून होत नाही का?

मोठा भाग त्यांच्याकडूनच होतो, त्याबद्दल वाद नाही. गुरुत्व मोजणारी ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२ ते २०१७ फिरली, तसाच दुसरा उपग्रह गोचे २००९ ते २०१३. गोचे तर केवळ २५५ किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून जात होता, उपग्रहाच्या मानाने म्हणजे अंगणातूनच. पण गुरुत्वाचे बारीक चढउतार उंचीबरोबर झपाट्याने विरतात. शंभर किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी गोचेला नीट दिसत नाहीत, आणि लक्षद्वीपची अख्खी बेटं तर काही किलोमीटरचीच.

दुसरा मार्ग उपग्रहावरून रडारने समुद्राची पातळी मोजायचा. समुद्राचा आकार म्हणजे जवळजवळ जिऑइडच, त्याच्या कलावरून गुरुत्व काढता येतं. खुल्या समुद्रात ही पद्धत फार सुंदर चालते. इस्रो आणि फ्रान्सच्या क्नेस या संस्थेचा सरल उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावरचं अल्टिका उपकरण याच कामाचं. मात्र किनारा जवळ आला की रडारच्या ठशात जमीन येते, उथळ पाण्यातली भरती-ओहोटी मॉडेलला सापडत नाही, आणि लगूनचं (प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ तळ्याचं) शांत पाणी परावर्तनाचा आकारच बिघडवतं. किनाऱ्यालगतच्या काही किलोमीटरच्या नोंदी टाकून द्याव्या लागतात किंवा संशयाने वापराव्या लागतात.

म्हणजे बेटावर ग्रॅव्हिमीटर (गुरुत्वमापी) घेऊन माणूस फिरतो, खुल्या समुद्रात रडार आहे, आणि मध्ये एक रिकामं कडं उरतं. बेटाच्या जिऑइडला नेमकं तेच कडं सगळ्यात जास्त लागतं. विमान त्या फटीसाठी.

जहाज का नाही?

जहाज चालतं, आणि जुन्या नोंदी बऱ्याचशा जहाजांच्याच आहेत. पण प्रवाळाच्या कड्यावर जहाज नेणार कोण? शिवाय जुन्या जहाजी नोंदींचे शून्य एकमेकांशी जुळत नाहीत. दोन फेऱ्यांमध्ये कित्येक मिलीगॅलचा (हे गुरुत्वाचं बारीक एकक, पुढे सांगतो) फरक सहज निघतो. कुणाची फेरी खरी हे ठरवायलाही शेवटी विमानाच्याच ओळी, म्हणजे सरळ रेषेत उडून घेतलेल्या नोंदी, कामी येतात.

हलत्या विमानात गुरुत्व मोजणं म्हणजे बैलगाडीत सोनाराचा काटा लावण्यासारखं नाही का?

अगदी तसंच आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मी पहिल्या बाकावर बसवतो.

आधी एकक समजून घ्या. एक मिलीगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाचा साधारण दहा लाखावा भाग. सत्तर किलोच्या माणसाच्या वजनात एक मिलीगॅलने सत्तर मिलिग्रॅमचा फरक पडेल, म्हणजे मालदांडी ज्वारीचे दोन दाणे. आपल्याला हा दोन दाण्यांचा फरक हवाय. आणि विमान हवेच्या एका हलक्या धक्क्याला गुरुत्वाच्या एक दशांश इतकं उसळतं, म्हणजे जवळजवळ एक लाख मिलीगॅल. उपकरणाला गुरुत्व कुठलं आणि उसळी कुठली हे कळत नाही, कळणारही नाही. आइनस्टाइनपासून सगळे हेच सांगत आलेत.

उपाय असा, की विमानाची उसळी वेगळ्या मार्गाने मोजायची आणि वजा करायची. १९५८ मध्ये अमेरिकेत लाकॉस्ट-रोम्बर्ग गुरुत्वमापी विमानात बसवून पहिले प्रयोग झाले तेव्हा हा वेगळा मार्गच कच्चा होता, म्हणून पद्धत बरीच वर्षं अडून राहिली. जीपीएस आल्यावर ती खरी चालू झाली. १९९१-९२ मध्ये ग्रीनलंडवर मोठी मोहीम झाली, १९९७ मध्ये युरोपीय प्रकल्पात अझोर्स बेटांभोवती उड्डाणं झाली.

आता जीपीएसकडून आपण काय मागतो ते पाहा. ते देतं जागा. आपल्याला हवा त्वरण, म्हणजे जागेवरून दोनदा अवकलन (बदलाचा दर काढणं). समजा विमान शंभर सेकंदांच्या संथ लयीत वरखाली होतंय. त्या लयीत जीपीएसची अडीच मिलिमीटरची चूक झाली तर एक मिलीगॅलची चूक झाली. एवढं जमतं. पण तीच लय दहा सेकंदांची असेल तर एका मिलीगॅलसाठी चूक ०.०२५ मिलिमीटरच्या आत हवी, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ते जमत नाही. म्हणून झटपट बदलणारं सगळं गाळून टाकायचं आणि शंभर-एक सेकंदांची सरासरी ठेवायची. विमान सेकंदाला ७० मीटर जात असेल तर तेवढ्यात सात किलोमीटर कापतं, म्हणजे त्याहून बारीक काही दिसणार नाही. ही किंमत मोजावीच लागते.

गाळणीत काय चुकू शकतं?

बरंच. माझंच सांगतो. एका ज्वालामुखी बेटावरच्या ओळी होत्या, एक पूर्वेकडे जाणारी, शेजारची पश्चिमेकडे परतणारी, असं शेत नांगरल्यासारखं. नकाशा काढला तर बेटाचा उंचवटा एका ओळीत पूर्वेला सरकलेला, पुढच्या ओळीत पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला. हातमागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे. दोन दिवस मी उपकरणावर संशय घेतला, मग जीपीएसवर, मग उड्डाण करणाऱ्या लोकांवर. शेवटी कळलं की गाळणी मी फक्त पुढच्या दिशेने चालवली होती. अशी गाळणी उत्तर उशिरा देते. पन्नास सेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन किलोमीटर पुढे, आणि परतीच्या ओळीत तितकंच उलट्या दिशेला. नोंदी उलट्या क्रमाने पुन्हा त्याच गाळणीतून काढल्या आणि बेट जागेवर आलं. तेव्हापासून कुठल्याही कामात येण्याची आणि परतीची ओळ एकावर एक ठेवून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. लूप बंद करायची सवय आहे ती.

इऑटवॉस परिणाम म्हणजे काय?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुम्हीही पूर्वेकडे निघालात तर तुमचा फिरण्याचा वेग वाढतो, बाहेर फेकला जाण्याचा कल वाढतो आणि वजन किंचित कमी भरतं. पश्चिमेकडे निघालात तर जास्त. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरही हे घडतं, फक्त कोणी मोजत नाही. विमानात मोजावंच लागतं: विषुववृत्तावर सेकंदाला १०० मीटर वेगाने पूर्वेकडे जाताना हा परिणाम सुमारे १६०० मिलीगॅल होतो. शोधतोय दोन-पाच मिलीगॅल आणि दुरुस्ती सोळाशेची! सुदैवाने ही दुरुस्ती गणिताने नेमकी काढता येते, वेग अचूक माहीत असला की झालं. तिथे सेकंदाला १० सेंटीमीटरची वेगाची चूक म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिलीगॅल.

विमान जितकं खाली तितकं चांगलं, बरोबर?

अर्धं बरोबर. गुरुत्वाची लाट (जागेगणिक होणारा त्याचा चढउतार) जितकी आखूड तितकी ती उंचीवर लवकर मरते. सहा किलोमीटर उंचीवरून उडालं तर शंभर किलोमीटर लांबीच्या लाटेतलं ६९ टक्के शिल्लक असतं, वीस किलोमीटरच्या लाटेतलं १५ टक्के, दहा किलोमीटरच्या लाटेतलं जेमतेम २ टक्के. एक किलोमीटर उंचीवरून तीच दहा किलोमीटरची लाट ५३ टक्के दिसते. उंचावरच्या नोंदी खाली जमिनीपर्यंत आणायच्या तर हे विरलेलं परत फुगवावं लागतं, आणि त्याबरोबर खरखरही फुगते. दोन टक्क्यांचं शंभर टक्के करायचं म्हणजे खरखर पन्नास पट.

मग खाली का उडत नाहीत? खाली हवा खवळलेली असते, विशेषतः दुपारी, आणि डोंगराळ बेटावर खाली उडणं जिवावरचं काम. अमेरिकेने २००७ मध्ये हाती घेतलेल्या ग्रॅव्ह-डी प्रकल्पात हवाई, प्वेर्तो रिको, ग्वाम अशी बेटंही आहेत. तिथे साधारण सहा किलोमीटर उंची आणि ओळींमध्ये दहा किलोमीटर अंतर असं मोजमाप ठेवलं होतं, शक्य तिथे जिऑइड दोन सेंटीमीटरपर्यंत अचूक काढायचा या हिशेबाने.

वरवर हा वेडेपणा वाटतो, पण एक आकडेमोड पाहा. शंभर किलोमीटरच्या लाटेत एक मिलीगॅलची चूक झाली तर जिऑइडमध्ये १.६ सेंटीमीटरची चूक होते. तीच एक मिलीगॅलची चूक दहा किलोमीटरच्या लाटेत असेल तर फक्त १.६ मिलिमीटर. जिऑइडला खरखर परवडते, संथ कल परवडत नाही. म्हणून उड्डाणाआधी आणि नंतर विमानतळावर उभं राहून घेतलेल्या नोंदी, उपकरणाचा दिवसागणिक सरकणारा शून्य, आणि आडव्या-उभ्या ओळी जिथे छेदतात तिथला फरक, या कंटाळवाण्या गोष्टींवर मी कोणत्याही भारी सॉफ्टवेअरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. छेदाच्या जागी फरक एक-दोन मिलीगॅलमध्ये आला तर काम चांगलं. पण सगळे छेद छान जुळूनही सगळ्याच ओळी मिळून दोन मिलीगॅल वर असू शकतात. छेद त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यासाठी विमानतळावरचा गुरुत्वाचा संदर्भबिंदू निरपेक्ष उपकरणाने, म्हणजे दुसऱ्या बिंदूशी तुलना न करता अख्खं गुरुत्व थेट मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलेला हवा.

मोजलेल्या गुरुत्वातून जिऑइड कसा निघतो?

गणितज्ञ स्टोक्सने १८४९ मध्ये सूत्र दिलं: पृथ्वीवर सगळीकडचं गुरुत्व माहीत असेल तर कुठल्याही जागेचा जिऑइड काढता येतो. सगळीकडचं कोणाकडेच नसतं. म्हणून व्यवहारात तीन पायऱ्या. ईजीएम२००८ सारखं गुरुत्वाचं जागतिक मॉडेल घ्यायचं आणि त्याने सांगितलेला भाग मोजलेल्या गुरुत्वातून वजा करायचा. डोंगर आणि समुद्रतळाच्या आकारामुळे येणारा भागही वजा करायचा. उरलं ते लहान आणि मवाळ असतं, त्यावर स्टोक्सचं सूत्र चालवायचं. मग वजा केलेले दोन्ही भाग, आता जिऑइडच्या रूपात, परत मिळवायचे.

वाण्याकडे पोतं मोजण्यासारखं आहे. दर वेळी अख्खं पोतं तोलत नाहीत, पन्नास किलोचं माप एका बाजूला ठेवतात आणि वरचे ग्रॅम तेवढे बघतात.

समुद्राच्या तळाचा आकार कशाला लागतो?

कारण बेट म्हणजे पाण्याखालच्या डोंगराचं टोक. दोन हजार मीटर खोल पाण्याच्या जागी तेवढाच दगड असता तर गुरुत्वात सुमारे १३७ मिलीगॅलचा फरक पडला असता. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ झपाट्याने खोल जातो, आणि नेमक्या त्या कड्यात खोलीच्या नोंदी विरळ. तिथे खोली चुकली की वजा केलेला भाग चुकतो, आणि विमानाने प्रामाणिकपणे मोजलेलं गुरुत्व आपण आपल्याच हाताने बिघडवतो. प्वेर्तो रिकोच्या उत्तरेचा खंदक बघा, तिथे गुरुत्वाची विसंगती (हिशेबाने असायला हवं त्यापेक्षा पडणारा फरक) उणे ३८० मिलीगॅलपर्यंत जाते. बेटाच्या इतक्या जवळ असा खड्डा असेल तर आळस चालत नाही.

घनतेचाही घोळ आहे. सगळीकडे घनसेंटीमीटरला २.६७ ग्रॅम धरायची जुनी सवय. पण काळा बेसाल्ट सहसा त्याहून जड आणि सच्छिद्र प्रवाळ त्याहून हलका. लक्षद्वीपमध्ये वर प्रवाळ आणि खाली बेसाल्ट, म्हणजे एकाच खांबात दोन्ही.

सर, हे सगळं खरं, पण सोलापूरला बसून बेटाचं काय करायलंय?

वर्गातला आवडता प्रश्न! तुमच्या घराच्या पायाखाली जो काळा दगड आहे, भुईकोट किल्ल्याच्या भिंतीत जो दिसतो, तो दख्खनचा बेसाल्ट. सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वी भारताचा हा भाग ज्या तप्त ठिकाणावरून सरकत होता ते ठिकाण आज रियुनियन बेटाखाली आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला, आणि त्याच ठिकाणाने समुद्रात मागे जी रेघ सोडली त्या रेघेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बसले आहेत. तुमचा दगड आणि त्यांचा दगड चुलत भाऊ आहेत. सोलापुरात तो उन्हात तापतो, तिकडे तो पाण्याखाली आहे आणि त्याच्या डोक्यावर प्रवाळ वाढलंय. इतकी ओळख पुरे आहे की अजून पाहिजे?

मोठा भूकंप झाला तर जिऑइड बदलतो का?

जिऑइड थोडासा, जमीन मात्र खूप. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजय पुरम, साधारण मीटरभर खाली गेलं. निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटरच्या आसपास खचला, तर अंदमानच्या उत्तरेकडे जमीन वर आली. गुरुत्वातला बदल ग्रेसच्या जोडीला अंतराळातून दिसला. अशा ठिकाणी भूकंपाआधीचे बेंचमार्क आणि नंतरचा जीपीएस एकत्र करून जिऑइड तपासणं म्हणजे मोडक्या फुटपट्टीने टेबल सरळ आहे का पाहणं. नोंद कुठल्या तारखेची हे आधी विचारा.

काढलेला जिऑइड बरोबर आहे हे कशावरून ठरवता?

मुख्य भूमीवर सोपं आहे: बेंचमार्कवर जीपीएस ठेवा, दोन उंचींचा फरक काढा, जिऑइडशी ताडून पाहा. बेटावर हीच तपासणी फक्त बेटाच्या आत चालते. म्हणजे जिऑइडचा कल तपासला जातो, पण अख्खं बेट मिळून किती वर-खाली आहे हे नाही, कारण बेंचमार्कचा शून्यच स्थानिक आहे. मग भरती-मापकावर जीपीएस ठेवून, समुद्राच्या सरासरी पातळीचं मॉडेल वापरून दुसरी बाजू धरायची. पण त्या मॉडेललाही किनाऱ्याजवळ तोच जुना आजार आहे. चांगल्या कामात काही सेंटीमीटरपर्यंत उतरता येतं, अवघड बेटांवर डेसिमीटरच्या (दहा सेंटीमीटरच्या) घरात समाधान मानावं लागतं. «एक सेंटीमीटर अचूक» असं कोणी छातीठोक सांगितलं तर कशाशी ताडून पाहिलं ते विचारा.

समुद्र चढतोय, बेटं बुडणार. त्यात याचा उपयोग काय?

लक्षद्वीपच्या जमिनीची उंचीच काही मीटर. पुराचा नकाशा करताना अर्ध्या मीटरची चूक झाली तर निम्मं गाव नकाशावर कोरडं राहील किंवा बुडेल. जीपीएसच्या उंचीला पाण्याच्या उंचीत बदलायला जिऑइड लागतो, एवढा त्याचा वाटा. समुद्र किती चढला हे भरती-मापक आणि रडार सांगतात, जमीन खचतेय का ते कायम बसवलेलं जीपीएस सांगतं.

ड्रोन किंवा नवीन क्वांटम उपकरणांनी हे सोपं होणार का?

थंड केलेल्या अणूंवर चालणारं गुरुत्वमापी २०१७ मध्ये आइसलँडवर विमानातून उडवून पाहिलं गेलं. त्याचा मोठा फायदा म्हणजे शून्य सरकत नाही, आणि वर संथ कलाबद्दल जे लिहिलं ते वाचलं असेल तर हा फायदा कशाचा ते कळेल. ड्रोन लहान बेटांना छान. पण जीपीएसच्या त्वरणाची जी मर्यादा वर सांगितली ती कुठल्याही उपकरणाला सुटत नाही.

विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी? आमच्याकडे विमान नाही.

माझ्याकडेही नाही. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेची आयसीजीईएम ही सेवा जगभरची मॉडेलं फुकट देते, त्यावर सोलापूरचे अक्षांश-रेखांश टाकून जिऑइडची उंची काढा. मग मुंबई, कवरत्ती आणि श्री विजय पुरमची काढा. चार आकडे वहीत मांडा आणि मुंबईपासून कवरत्तीपर्यंत दर पन्नास किलोमीटरला एक, असा छेद कागदावर काढा. ग्रॅव्ह-डीच्या उड्डाणांच्या नोंदीही सगळ्यांसाठी खुल्या आहेत. प्वेर्तो रिकोच्या एका ओळीतून इऑटवॉसची दुरुस्ती हाताने काढून बघा, एक शनिवार जाईल.

त्याआधी मात्र ऑटो लेव्हल घ्या आणि तलावाला एक पूर्ण फेरी मारा. निघालात त्याच खुणेवर परत या आणि फरक लिहा. माझ्या गेल्या बॅचचा पहिल्या दिवशी ११ मिलिमीटर आला, दुसऱ्या दिवशी ४. पहिल्या दिवशी स्टाफचा तळ चिखलाने भरलेला होता.